उद्योग हाय की!

आप्पा कुठेही टेकले की आधी उजव्या पायातलं पायताण काढायचे आणि अंगठा मोकळा करायचे. मग पिशवीतून अर्धवट विणलेलं जाळं निघायचं, त्याचा फास अंगठ्यात अडकायचा, बांबूची चपटी सुई हातात यायची आणि बोटं चालू व्हायची. लग्नाचा मांडव असो, दवाखान्याचा ओटा असो, बोरगावच्या बाजारात मासे विकायला बसलेल्या मावशींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, मागची जागा असो, आप्पांचं विणकाम खंडायचं नाही. सख्ख्या भावाच्या दहाव्याला सगळे नदीकाठी कावळ्याची वाट बघत बसले होते, तिथेही हे जाळं घेऊन बसले. कोणीतरी हटकलं तर म्हणाले, "कावळ्याला घाई न्हाय, मला हाय."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या मत्स्य खात्याच्या ऑफिसात. ऐंशी साल उलटून दोनतीन वर्षं झाली असतील. मासेमारीचा परवाना नवा करून घ्यायला ते आले होते आणि साहेब जागेवर नव्हते. दुसरा माणूस बाकावर जांभया देत बसला असता. आप्पांनी जमिनीवर बैठक मारली, जाळ्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं अंगठ्यात अडकवलं आणि कामाला लागले. थोड्याच वेळात येण्याजाण्याची वाट अडली. आमचे हेडक्लार्क बेळगावच्या वडगावचे, विणकराच्या घरातले. घरातल्या मागांच्या खडखडाटातून सुटून टेबलाशी आलेला माणूस, त्यांना जाळं बघूनच चीड आली.

"अहो, हे ऑफिस आहे. इथं काय माग टाकलाय?"

"तुमच्या घरी माग हाय म्हनं," आप्पा मान वर न करता म्हणाले. "मग तुमाला ठाऊक पायजे. हात थांबला की पोट थांबतंय."

हेडक्लार्क लाल झाले आणि सगळं ऑफिस खाली मान घालून हसलं. मीही हसले. त्या हसण्याची किंमत पुढे आप्पांनीच मोजली, कारण हेडक्लार्क विसरणाऱ्यातले नव्हते.

मी निपाणीची, कर्नाटकातल्या मराठी पट्ट्यातली. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची आणि हंगाम संपला की वखारवाला तिला घरी बसवायचा. आमच्या बौद्ध वस्तीतून सरकारी खुर्चीत बसलेली मी पहिली मुलगी. कन्नड मी वखारीच्या दारात आईची वाट बघताना शिकले होते, नंतर खात्याची परीक्षा देऊन त्याच्यावर शिक्का मारून घेतला. आमचे साहेब धारवाडकडचे, त्यांना मराठी यायचं नाही. नदीकाठच्या भोई लोकांना बाजारापुरतं कन्नड यायचं, ऑफिसातलं कन्नड यायचं नाही. त्यामुळे कागद कन्नडमध्ये आणि माणूस मराठीत असला की मला हाक यायची. मला त्याचा गर्व होता, हे आधीच सांगून टाकते. आप्पा मला 'क्लार्कीणबाई' म्हणायचे. चेष्टाच होती, पण नंतर नंतर त्यात मायाही आली.

दूधगंगेच्या काठी त्यांची भोई गल्ली होती, एकोणीस घरांची. आप्पा तिथले पंच नव्हते की पुढारी नव्हते, पण नदीच्या बाबतीत त्यांचा शब्द चालायचा. जाळ्याची वीण ते बोटांनी मोजत. चार बोटं आत गेली पाहिजेत, म्हणजे लहान मासा सुटून जातो. तीन बोटांचं जाळं कोणी विणलं तर ते सरळ कोयता घेऊन त्याच्या घरी जायचे आणि जाळं मधोमध कापून यायचे. अशा वेळी गल्लीत शिव्यांचा पाऊस पडायचा. आप्पा ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी स्वतः त्याला चार बोटांचं जाळं विणून द्यायला बसायचे. असा माणूस शेजारी असणं सुखाचं नसणार, हे मी कबूल करते.

त्यांचा सगळ्यात कडक नेम पावसाळ्याचा. मिरगाचा पाऊस होऊन नदीला तांबडं पाणी आलं की आप्पा ट्रकची ट्यूब नदीतून काढून आढ्याला टांगायचे. त्या ट्यूबवर बसूनच ते एरवी मासे धरत. पावसाळ्यात मासे अंडी घालायला वर चढतात. मग तीनचार महिने गल्लीतल्या कोणीही जाळं टाकायचं नाही.

"नदी बाळंत व्हायला आलीया," ते म्हणायचे. "बाळंतिनीच्या खोलीत गडी मानूस शिरतोय व्हय?"

त्यांच्या आज्यापासून हे असंच चाललं होतं. त्या महिन्यांत बायका शेतात भांगलणीला, तण काढायला, जायच्या, सुकवून ठेवलेले मासे निघायचे, आणि पुरुष घरात बसून वर्षाची जाळी विणायचे. पोटाला चिमटा बसायचा पण माणूस तरून जायचा. पुढे वर धरण झालं, कारखान्याची मळी नदीत यायला लागली, एरवीच्या महिन्यांतच मासा मिळेना. पावसाळ्यासाठी मागे टाकायला काही उरेना. तरी नेम चालूच होता.

आणि अशात सरकारला जाग आली. पावसाळ्यात मासेमारीला बंदी, असा हुकूम निघाला. आप्पांना तो मीच वाचून दाखवला. ते इतके भडकले की जाळ्याचा फास अंगठ्यात तसाच ठेवून उठायला गेले आणि पडता पडता वाचले.

"माझ्या आज्यानं पाळलेलं ह्यांनी कागदावर लिवलं," ते ओरडले, "आन् आता मलाच वाचून दावत्यात! बंदी म्हनं! बंदी चोराला घालत्यात."

पण हुकुमाबरोबर एक योजनाही आली होती. बंदीच्या महिन्यांत मच्छीमाराचं काम सरकारने थांबवलं, म्हणून त्याला सरकारने बेकारी भत्ता द्यायचा. रक्कम सांगायची मला आजही लाज वाटते, इतकी ती किरकोळ होती. पण किरकोळ म्हणणारी मी महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारी. गल्लीत त्या रकमेचा हिशेब तांदळात झाला. मावशी मला बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, येवडं झालं तर औंदा चूल दोन टाईम पेटंल बघ. म्हातारा काय बी बोलंल, तू फारम भर."

तो फॉर्म मी कधी विसरणार नाही. कुठल्यातरी गिरणी कामगारांच्या फॉर्मवरून तो उतरवलेला होता, आणि उतरवणाऱ्याने नदी कधी पाहिली नव्हती. पहिला रकाना: मालकाचं नाव. दुसरा: हुद्दा. तिसरा: कामावरून कमी केल्याची तारीख. सोबत मालकाचा दाखला जोडायचा. गल्लीतली सगळी माणसं ऑफिसच्या व्हरांड्यात येऊन बसली होती आणि मी पहिला फॉर्म आप्पांचा घेतला.

"मालक कोण?" मी विचारलं.

"कशाचा?"

"तुमचा. तुम्ही कुणाकडं काम करता?"

"कुनाकडं म्हंजे? जाळं माझं, ट्यूब माझी, हात माझं. मालक मीच."

"मग कामाला कोण?"

"कामालाबी मीच. मालक मी, गडी मी, बैल मी."

"आणि कामावरून कमी कोणी केलं?"

आप्पांनी सुई थांबवली. "क्लार्कीणबाई, मीच मला कामावरनं काढीन व्हय? मला काय याड लागलंय?"

व्हरांडा खदखदला. आतून हेडक्लार्कचा आवाज आला, मालकाचा दाखला नसेल तर फॉर्म घेऊ नकोस. मी जाऊन समजावून सांगितलं की या लोकांना मालकच नसतो. ते म्हणाले, "मग हे लोक योजनेत बसत नाहीत." चहाच्या घोटाबरोबर म्हणाले. ज्यांच्यासाठी योजना, तेच योजनेत बसत नाहीत! माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण प्रोबेशन संपलेलं नव्हतं. मी परत व्हरांड्यात आले.

त्याहून मोठी अडचण शेवटच्या ओळीत होती. 'मी निरुद्योगी आहे,' असं कन्नडमध्ये छापलेलं, खाली अंगठा. मी ती ओळ जशीच्या तशी वाचली. आप्पा ताडकन उठले.

"कोन निरुद्योगी?"

इथे थोडं थांबून सांगायला हवं. कन्नडमध्ये उद्योग म्हणजे नोकरी, रोजगार, आणि निरुद्योगी म्हणजे ज्याला रोजगार नाही तो. त्यात कमीपणा काही नाही. आपल्या मराठीत निरुद्योगी म्हणजे आळशी, रिकामटेकडा, ज्याला काही करायला नको असा माणूस. अक्षर तेच, कानाला आवाज तोच. आणि तो शब्द मी अशा माणसाला लावला होता जो भावाच्या दहाव्यालाही जाळं विणत होता. मी त्यांना अर्थ समजावला. त्यांनी ऐकला, पण कानात गेलेला शब्द बाहेर निघेना.

"मला तुमच्या कानडीचं काय करायचंय? माझ्या आंगठ्यावर निरुद्योगी लिवल्यालं माझी नातवंडं वाचतील."

"म्हन की निरुद्योगी!" मावशी कडाडल्या. "एका शब्दानं काय झिजतोस? पोरांच्या पोटात शबुद घालू व्हय?"

आप्पा पुन्हा खाली बसून विणू लागले. मग त्यांनी मला कोरा कागद घ्यायला सांगितला आणि दाखला तोंडी सांगितला. मी तो त्यांच्या भाषेतून कागदाच्या भाषेत घातला, तो अजून पाठ आहे: 'मी, जाळ्याचा मालक, लिहून देतो की माझ्याकडे कामाला असलेला गडी, म्हणजे मीच, यास पावसाळ्याच्या बंदीत देण्यासारखे काम माझ्याजवळ नाही. गडी कष्टाळू व निर्व्यसनी असून बंदी उठताच त्यास परत कामावर घेण्यात येईल.'

"निर्व्यसनी लिहू? तुम्ही तंबाखू खाता, आप्पा."

"ते मालकाला ठाऊक न्हाय."

खाली त्यांनी उजव्या हाताचा अंगठा उठवला, तो मालकाचा. फॉर्मवर डाव्या हाताचा, तो गड्याचा. आणि शेवटच्या ओळीचाही तोडगा काढला. गडी स्वतःच्या तोंडाने निरुद्योगी म्हणणार नाही. मालक गड्याला काय म्हणतो, त्याला गड्याचा इलाज नाही. म्हणून त्या ओळीखाली उजवा अंगठा. एकोणीस घरांनी तसेच दोनदोन अंगठे दिले आणि व्हरांड्याची भिंत शाईने भरून गेली, कारण हात पुसायला दुसरं काही नव्हतं.

साहेब माणूस वाईट नव्हते. दाखला मी वाचून दाखवला तेव्हा ते पोट धरून हसले, आणि जागेवर जाऊन चौकशी करू, खरे मच्छीमार असतील, खरंच काम बंद असेल तर मंजूर करू, म्हणाले. हेडक्लार्कनी फाईल बांधताना दोरी इतकी आवळली की पुठ्ठा वाकला.

चौकशीला आम्ही गेलो तेव्हा झिमझिम पाऊस होता. जीप गल्लीच्या तोंडाशी रुतली. साहेबांनी चिखल बघून बूट खाली टेकवला नाही, जीपच्या पायरीवरच उभे राहिले. समोरच्या ओट्यावर आप्पा, आणि त्यांच्या अंगठ्यात फास. मावशींनी सकाळीच विनवलं होतं म्हणे, आजचा दिवस जाळं आत ठेव. ऐकेल तो म्हातारा कसला! खरं सांगते, मला त्यांचाही राग येतो. एक दिवस हात रिकामे ठेवले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? पण माझ्या चुकीपुढे तो राग काहीच नाही.

साहेब मला म्हणाले, "केळ्री, उद्योग ऐतेनु अंत." म्हणजे विचारा यांना, रोजगार आहे का.

मी विचारलं, "आप्पा, साहेब विचारतात, उद्योग आहे का?"

बस्स. एवढंच. शब्द दोन्हीकडे एकच, मग बदलायचा कशाला? मी विचारायला हवं होतं, पोटाला काही मिळतंय का, कमाई चालू आहे की बंद आहे. व्हरांड्यात याच शब्दावरून एवढं रामायण होऊन गेलं होतं आणि तरी मी तो शब्द इकडून उचलून तिकडे ठेवला. पटकन, न अडखळता. साहेबांना दाखवायचं होतं ना, मला किती येतं ते.

आप्पांची छाती फुगली. "उद्योग हाय की! उद्योग न्हाय आसं कसं हुईल? आमच्यात रिकामं बसायची रीतच न्हाय. इचारा कुनालाबी."

गल्ली जमलीच होती. "व्हय, व्हय, उद्योग हाय," सगळ्यांनी माना डोलावल्या. सरकारी माणसापुढे आपण आळशी ठरू नये, एवढंच त्या माणसांच्या मनात होतं.

"उद्योग ऐती अंतारी," मी साहेबांना सांगितलं. "एल्लारिगू." आहे म्हणतात, सगळ्यांना आहे.

साहेबांनी जाळ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि वहीत लिहिलं. तेवढ्यात आतून मावशी ओल्या हातांनी धावत आल्या. बाजारात कन्नड गिऱ्हाइकांशी त्यांचा रोजचा व्यवहार, त्यांना बरोबर कळलं होतं. "इल्लरी सायेब, उद्योग इल्ल!" त्या जीपच्या मागे चिखलातून पळाल्या. साहेब मला म्हणाले, बघा, आता नाही म्हणतात. आणि मग, गाडी सडकेला लागल्यावर, म्हणाले, "निम्म कन्नड छलो ऐती." तुमचं कन्नड चांगलं आहे.

त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. सडकेवर, त्याच जीपमध्ये, दोन वाक्यांत मी सांगू शकत होते की सर, शब्दाचा घोटाळा झाला. पण नुकती शाबासकी मिळाली होती. मी "थँक्यू सर" म्हटलं.

आठवड्याने अहवाल टाईप करायला माझ्याकडेच आला. 'सदर कुटुंबे जाळी विणण्याचा स्वतःचा उद्योग करतात, तसे त्यांनी स्वमुखाने कबूल केले आहे, सबब ती निरुद्योगी नाहीत व भत्त्यास पात्र नाहीत.' जाळं विणणं हा उद्योग! ते जाळं विकत कोण घेणार होतं? स्वतःच्याच पुढच्या हंगामाची ती तयारी. शेतकरी पावसाआधी नांगराचा फाळ ठोकूनठाकून ठेवतो, त्याला कोणी लोहार म्हणत नाही. मी कागद घेऊन हेडक्लार्ककडे गेले आणि शब्दाचा घोटाळा समजावला. त्यांना समजला. चांगला समजला. ते गालातल्या गालात हसले.

"तू काय शब्दकोश आहेस?" ते म्हणाले. "साहेबांनी विचारलं, त्यांनी सांगितलं, तू भाषांतर केलंस. चूक झाली म्हणतेस तर लेखी दे. मग तुझ्या प्रोबेशनचं बघू."

मी लेखी दिलं नाही. घरी आईचा हंगाम संपलेला होता, ती घरी बसली होती, आणि चूल माझ्या पगारावर होती. ही सबब खरी आहे आणि तिचा मला काडीचा उपयोग होत नाही.

गल्लीने सगळं खापर आप्पांवर फोडलं. म्हाताऱ्याच्या तोंडाने घात केला, याला मोठेपणा मिरवायचा होता, असं लोक त्यांच्या ओट्यासमोर उभं राहून बोलायला लागले. ज्यांची तीन बोटांची जाळी त्यांनी कापली होती त्यांना तर आयतंच मिळालं. मीही एकदा बाजारात ऐकलं आणि तिथून निघून आले. चूक माझी आहे, असं एका वाक्यात सांगता आलं असतं. तेही सांगितलं नाही.

त्या वर्षी पाऊस असा लागला की भांगलण बंद पडली. बायकांना काम नाही, घरात दाणा नाही. मावशी ऑफिसात तीन वेळा आल्या, तिन्ही वेळा हेडक्लार्कनी साहेब नाहीत म्हणून परत पाठवलं, आणि साहेब आत होते. तिसऱ्या खेपेला त्या माझ्या टेबलापाशी थांबल्या. "बाई, शेजारची बाळंतीन चार दीस नुसतं मिठाचं पानी पितीया," त्या म्हणाल्या. "तिला दूध याचं कुठनं?" मी पर्समधून काही काढायला गेले तर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुझं नगं, आमचं दे."

त्यानंतर दोन दिवसांनी भर दुपारी आप्पा ऑफिसात आले. डोक्यावर पाटी, अंगावरचे कपडे ओले, खांद्यावर जाळं. ते जमिनीवर बसले नाहीत. सरळ हेडक्लार्कच्या टेबलाशी गेले आणि पाटी फाईलींवर ठेवली. आत पाचसहा मोठे मासे होते आणि सगळ्यांची पोटं गाभोळीने टम्म फुगलेली. एकाच्या पोटातून अंडी गळून टेबलावर पसरली.

"घ्या," आप्पा म्हणाले. "ह्यो माझा उद्योग."

साहेब केबिनमधून बाहेर आले.

"बंदीत मासं मारलं. घाला केस. गल्लीत वाटलं, सगळ्यांच्या चुली पेटल्या. ह्ये उरल्यालं तुमच्या वाटनीचं." मग त्यांनी खांद्यावरचं जाळं खाली टाकलं. "साठ वर्सं झाली, पावसात कदी पाय घातला नव्हता. आज बाळंतिनीला मारून आलोय."

मी हे कन्नडमध्ये साहेबांना सांगितलं. या वेळी शब्द शोधून, नीट सांगितलं. साहेबांनी मान खाली घातली. हेडक्लार्क म्हणाले, सर, कबुली आहे, साक्षीदार आहेत, केस नाही घातली तर आपल्यावर येईल. साहेबांनी हाताने खूण केली, करा म्हणून.

पंचनामा मी लिहिला. आणि लिहिताना माझ्या अंगाची लाही लाही झाली. आरोपीचा धंदा: मच्छीमार. कोणी दाखला मागितला नाही. मालक कोण, कोणी विचारलं नाही. जागेवर जाऊन चौकशी नाही की दोन अंगठे नाहीत. भत्ता द्यायचा होता तेव्हा जो माणूस महिनाभर मच्छीमार ठरत नव्हता, तो दंड करायचा म्हटल्यावर एका ओळीत मच्छीमार ठरला. चार बोटांचं जाळं जप्त झालं. ते आमच्या अडगळीच्या खोलीत टाकलं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत उंदरांनी त्याचा भुगा केला.

अंगठा घ्यायला मी शाईचा डबा पुढे केला तेव्हा आप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "क्लार्कीणबाई, तू मनाला लावून घिऊ नगंस. तू बराबर इचारलंस. माझंच तोंड वाईट."

मी त्यांच्याकडे पाहिलं. आत्ता सांग, आत्ता, असं मी स्वतःला म्हणत होते. हेडक्लार्क शेजारी उभे होते. मी आप्पांचा अंगठा धरला आणि कागदावर टेकवला.

आप्पांना दंड झाला. नवं जाळं त्यांनी विणलं नाही. काही वर्षं ते कारखान्यात मळी वाहायच्या कामाला जात होते, असं कळलं. नंतर ते गेले. गल्लीत आजही कोणी जास्त बोलून काम बिघडवलं तर आप्पांचं नाव घेऊन हसतात. मी अधूनमधून त्या बाजूला जाते, ते हसणं ऐकते आणि बसची वाट बघते.

पंचनाम्याच्या दिवशी संध्याकाळी पाटीतले मासे तसेच होते. नाशवंत जप्त माल, लिलाव करायला हवा होता. साहेब शाकाहारी, ते नाकाला रुमाल लावून लवकर घरी गेले. हेडक्लार्कनी शिपायाला सुरी आणायला सांगितली आणि वाटे घातले. एक वाटा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या टेबलावर आला. "घे, पंचनाम्याचे कष्ट," ते म्हणाले. मी तो ढकलून द्यायला हवा होता, किंवा उचलून त्यांच्या तोंडावर मारायला हवा होता. मी तो पिशवीत घातला.

आईला फार आनंद झाला. कितीतरी दिवसांनी घरात मासा आला होता. तिने गाभोळी वेगळी काढली, हळदमीठ लावून तव्यावर भाजली आणि सगळीच्या सगळी माझ्या ताटात वाढली, कमावत्या लेकीच्या.

"बंदीत कुठनं गं मिळाला येवडा मोठा?" तिने विचारलं.

"ऑफिसात वाटले," मी म्हटलं आणि जेवायला बसले. गाभोळी चवीला फार चांगली होती. ती संपल्यावर मी आईकडे माशाचा आणखी एक तुकडा मागून घेतला.